गालातली वाफ

भूपाल मगदूमचा सत्कार ठरला, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती भूपाल मगदूमनेच.

कारण तसं अभिमानाचं होतं. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या आणि तंबाखू सोडून दाखवलेल्या कामगारांना एका स्थानिक मंडळाने शाल, श्रीफळ आणि पेढा द्यायचं ठरवलं होतं. नावं मंडळाने काढली नव्हती, यंत्राने काढली होती. यंत्र कुणाचं मेहुणं-पाहुणं नसतं, त्यामुळे त्याच्या निवडीवर सन २०३८ मध्ये कोणी शंका घेत नसे. प्रमुख पाहुणी म्हणून पुण्याहून डॉ. त्रिशला मगदूम यायची होती. ती भूपालची धाकटी बहीण. औषधनिर्माणशास्त्रात तिचं नाव होतं, आणि ज्या यंत्राच्या जोरावर हा सगळा थाट चालला होता, त्यात कोणता द्राव भरायचा हे राज्य सरकारच्या समितीवर बसून, भांडून ठरवणारीही तीच.

“तू कशाला येतीस एवढ्या लांब?” भूपाल फोनवर म्हणाला. “हितं काय, दोन भाषणं नि एक नारळ.”

“अण्णा, तुझा सत्कार, तोही माझ्या यंत्रामुळे, आणि मीच यायचं नाही?”

“तसं न्हाई गं. ऊन लई हाय.”

महिना जानेवारीचा होता. त्रिशलाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणूस यशाच्या तारेत असला की त्याला जानेवारीतलं ऊनसुद्धा खरं वाटतं.

यंत्राचं सरकारी नाव ‘मुक्तिका’. तळहातात मावणारं, चपटं, एका टोकाला निमुळतं. लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला ‘शिट्टी’ म्हणायला सुरुवात केली आणि सरकारी नाव फक्त खोक्यावर उरलं. असल्या यंत्रांवर देशात आधी सरसकट बंदी होती. पुढे तोंडाच्या कॅन्सरपुढे आरोग्य खात्याने हात टेकले आणि व्यसन सोडवण्यासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ही एक शिट्टी तेवढी आत घेतली. आत चिमुकली बॅटरी, तापणारी तार आणि निकोटीनच्या द्रावाची कुपी. ओढलं की तार तापते, द्रावाची वाफ होते. जळणारं पान नाही, डांबर नाही. शिट्टीची हुशारी पुढेच होती. ती प्रत्येक झुरका मोजायची आणि माणूस तिच्या सवयीचा झाला की त्याला कळू न देता निकोटीन कमी करत न्यायची. झुरके घटत घटत बंद पडले की माणूस मुक्त झाला. तसं ती खात्याला परस्पर कळवायची.

समितीत वाद झाला होता तो कुपीत काय भरायचं याचा.

निकोटीन मुळात अल्कधर्मी. तंबाखूच्या पानात ते आम्लांशी बांधलेलं असतं, दावणीच्या जनावरासारखं. माणसं तळहातावर तंबाखूला चुना लावून अंगठ्याने मळतात ते काही उगीच नाही. चुना ते दावं सोडतो. मोकळं झालेलं निकोटीन गालाच्या आतल्या मऊ कातडीतून थेट रक्तात शिरतं. रसायनशास्त्रात यालाच ‘फ्रीबेस’ म्हणतात. कुपीत हे मोकळं निकोटीन भरता येतं, पण घसा आडवा येतो. द्राव पातळ असेल तर ठीक. कडक केला की मिरचीची धुरी घेतल्यासारखा ठसका लागतो. मोठ्या यंत्रांना ही अडचण नसते. त्यांची बॅटरी मोठी, ती पातळ द्रावाची ढगभर वाफ करतात. तळहातातल्या शिट्टीची बॅटरी ती केवढी आणि वाफ ती केवढी! एवढ्याशा वाफेतून माणसाची तलफ भागवायची, तर द्राव कडकच हवा.

मग दुसरा मार्ग उरतो. मोकळ्या निकोटीनला बेंझोइक किंवा लॅक्टिक आम्लात पुन्हा बांधायचं, म्हणजे त्याचा क्षार करायचा. हा क्षार घशाला मऊ. चांगला कडक केला तरी ठसका लागत नाही. तो थेट छातीत उतरतो आणि फुप्फुसातून मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोचतो. सिगारेट ओढणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

त्रिशला क्षाराच्या बाजूची होती. विरुद्ध बाजूचे म्हणायचे, क्षार फार सहज उतरतो, त्याचीच सवय सुटायची नाही. त्यावर तिने एका बैठकीत ठणकावलं होतं, “जे औषध घशाखालीच उतरत नाही, ते गुण काय देणार?” वाक्य जमून आलं होतं. समितीने क्षार निवडला. वर्षभरात मुक्त झालेल्यांचा आकडा असा काही फुगला, की मंत्र्यांनी तो भाषणात वापरायला सुरुवात केली.

भूपालला शिट्टी मिळाली होती ती हट्टाने, तिच्याच. त्याच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तोंडाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “हा अजून कॅन्सर नाही. पण तंबाखू चालू राहिली, तर हेच वाक्य मी पुढच्या वर्षी बोलेन याची खात्री देत नाही.” निकोटीनचं च्युइंगम त्याने आधी चावून पाहिलं होतं आणि ‘पोरांचा खेळ’ म्हणून सोडून दिलं होतं. शिट्टीने मात्र, यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे, त्याची तंबाखू सुटली होती. त्रिशलाने ती बातमी वाचली तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना कॉफी पाजली होती.

सभागृहात सत्कारमूर्ती ओळीने बसले होते. सगळे मागावरचे, सगळे गंभीर. एरवी बोलून बोलून जीव नको करणारी माणसं आज ओठ मिटून बसली होती. निवेदकाला तो प्रसंगाचा भार वाटला.

शाली झाल्या, नारळ झाले. मग पेढे आले. पाहुण्यांनी सत्कारमूर्तीला आपल्या हाताने पेढा भरवायचा आणि तेवढ्यात फोटो काढायचा, ही आपल्याकडची पद्धत; तिच्याशिवाय सत्कार पुरा होत नाही. त्रिशलाने पहिल्या माणसासमोर पेढा धरला. त्याने तो हातात घेतला आणि कपाळाला लावून म्हणाला, “घरी द्येवाफुडं ठिवतो.” तिला बरं वाटलं. दुसऱ्याने हातानेच नको म्हटलं. “शुगर,” निवेदकाने त्याच्या वतीने खुलासा केला. तिसऱ्याने पेढा खिशात घातला. चौथ्याला उपास होता.

पाचवा भूपाल होता.

“आ कर, अण्णा,” त्रिशला हसत म्हणाली.

भूपालने मान वळवली. तिने पेढा पुढे नेला, त्याने मान आणखी वळवली. खालच्या ओठामागे फुगवटा दिसत होता, आणि ओल्या तंबाखूचा वास, ज्या वासात ती लहानाची मोठी झाली तो वास, तिच्या नाकात शिरला. तिचा हात तसाच हवेत राहिला.

“मॅडम, हां, असंच, असंच!” फोटोग्राफर ओरडला. “भूपालशेठ, जरा तोंड उघडा की!”

भूपालशेठने तोंड उघडलं नाही. तो खाली मान घालून उभा राहिला, आणि त्रिशलाने पेढा पुन्हा ताटात ठेवला. उरलेल्या दोघांना तिने भरवायचा प्रयत्नही केला नाही, हातातच दिला. त्यांनी सुटल्यासारखा तो घेतला. नंतर तिने विज्ञान आणि समाज या विषयावर भाषण केलं. भाषण चालू असतानाच सत्कारमूर्ती एकेक करून मागच्या दाराने बाहेर गेले आणि थोड्या वेळाने ओठ पुसत परत आले.

कार्यक्रम संपल्यावर दोघं घरी आली. दार लोटताच तिचा बांध फुटला.

“लाज नाही वाटत? शाल पांघरून घेतलीस! तोंडात तंबाखूचा बार भरून!”

“मी कुठं मागितली शाल?” भूपालने शाल काढून खुर्चीवर टाकली. “शिट्टी वढायची बंद केली, तर तिनंच सरकारला सांगितलं मी सुटलो म्हणून. मी कुणाकुणाला सांगत फिरू, न्हाई सुटलो म्हणून?”

“मला सांगायचंस!”

“तुलाच कसं सांगू? तू त्या यंत्रापायी एवढी नाचत होतीस.”

“ताई, मी सांगणार होते,” सुलोचनावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “ह्यांनी शपथ घातली. म्हणाले, तिला वाईट वाटंल.”

त्रिशलाने खुर्चीवरची शाल बाजूला केली आणि बसली. झुरके बंद म्हणजे व्यसन बंद, हे गणित तिच्याच समितीने मांडलं होतं. शिट्टी टाकून देऊन माणूस पुन्हा तंबाखूच्या पुडीकडे वळला, तरी यंत्राच्या लेखी तो मुक्तच. तिच्या डोळ्यांपुढे मंत्र्यांचा तो फुगलेला आकडा उभा राहिला. त्यातले किती जण पेढा खाऊ शकले असते?

“पण बंद का केलीस, अण्णा? तीत निकोटीन कमी नव्हतं. मी स्वतः ठरवलंय.”

“कायबी लागंना गं तिचं. दिसभर वढली तरी नुसती गरम हवा.”

“ओढून दाखव.”

त्याने कपाटामागून शिट्टी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि ओढली. त्रिशला बघत राहिली. भूपालने वाफ तोंडात घेतली, गाल फुगवले, या गालातून त्या गालात फिरवली, ओठ घट्ट मिटून थोडा वेळ धरून ठेवली. मग उठून मोरीपाशी गेला आणि थुंकला.

“हे काय करतोस?”

“काय करतोय? वढतोय की.”

“थुंकलास!”

“मग काय गिळू?” आता भूपालच चिडला. “घशाखाली गेलं तर घेरी येतीया. बार भरायला शिकवतात तवा पयलं ह्येच शिकवत्यात, गालात धर नि रस गिळू नको.”

त्रिशलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात तिला पहिला दिसला तो स्वतःचा मूर्खपणा. मागाच्या कारखान्यात हवेत कापसाची तुसं उडत असतात. एक ठिणगी पडली तरी सगळा कारखाना पेट घेईल. म्हणून तिथे बिडी-सिगारेट कोणी पेटवत नाही. गावची गावं पिढ्यान् पिढ्या चघळणारी. त्यांच्या अंगात घशाचं दार बंद ठेवायची शिस्त मुरलेली. आणि तिने निवडलेला क्षार घशाच्या पलीकडे गेला तरच काम करणारा! आम्लात बांधलेलं निकोटीन गालाच्या कातडीतून जेमतेमच आत जातं, हे ती विद्यार्थ्यांना शिकवत असे. चाचण्या घेतल्या त्या पुण्यातल्या सिगारेटवाल्यांवर, कारण ते हाकेच्या अंतरावर होते. राज्यात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त, त्यांतला एक तर तिच्या घरातला, आणि तिला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की अण्णा, तू ही वाफ नेमकी ठेवतोस कुठे?

“तोंड उघड,” ती म्हणाली. मोबाइलच्या उजेडात तिने चट्टा पाहिला. तो वाढला होता. कडेला आता लालसर रेघही होती.

त्या रेघेने तिचा धीर सुटला. “हे बघ, गालात नाही धरायचं. सरबत स्ट्रॉने ओढतोस तसं तोंडात घे, आणि मग श्वासाबरोबर आत. छातीत. घेरी नाही येत, मी सांगते.”

पहिल्यांदा त्याचा घसा आपोआप मिटला. दुसऱ्यांदा तो खोकला, तोही नुसत्या भीतीने. “छाती फुगव,” ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. “अजून. अजून आत.” तिसऱ्यांदा वाफ उतरली.

भूपाल थांबला. त्याच्या कपाळावरची आठी विरली, खांदे सैल पडले.

“आयला,” तो हळूच म्हणाला. “ह्ये लागलं गं.”

कोणी न सांगता त्याने पुन्हा ओढली, मग पुन्हा. वहिनीने देवघराकडे बघून हात जोडले. त्रिशलाला हसू आलं, रडूही आलं. किती साधी गोष्ट होती!

तिचा आनंद पुण्याच्या गाडीत बसेपर्यंत टिकला. गाडीने गाव सोडलं आणि तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. आपण काय करून आलो? ज्या माणसाने आयुष्यात कधी छातीत काही ओढलं नव्हतं, त्याला आपण ओढायला शिकवलं. गालातून निकोटीन रेंगाळत जातं, छातीतून धावत; आणि ते जितकं झटकन मेंदूला भिडतं तितकी सवयीची गाठ घट्ट बसते. भूपालला हवं होतं ते मोकळं निकोटीन, जे ती घशाला जाळतं म्हणून नाकारून बसली होती. तो घशापर्यंत नेणारच नव्हता, तर घसा जळण्याचा प्रश्न होता कुठे? उलट चुकून कोणी छातीत ओढलंच, तर ठसका लागून थांबला असता. पण मोकळं निकोटीन गालात धरायचं म्हणजे त्या चट्ट्याला रोज अल्कधर्मी वाफेचा शेक. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “त्या जागेजवळ मला काहीच नकोय. पण तंबाखू सुटत असेल तर काहीही चालेल.” म्हणजे एक धड उत्तर कोणाकडेच नव्हतं.

तरी तिने समितीची बैठक मागून घेतली. अध्यक्ष डॉ. रणदिवे सज्जन गृहस्थ होते, कधी आवाज न चढवणारे. अशा माणसांशी भांडण फार अवघड असतं.

“आपल्या मुक्त लोकांपैकी निम्मेअधिक मुक्त नाहीत, सर,” ती म्हणाली. “त्यांनी शिट्टी सोडलीय, तंबाखू नाही. चघळणाऱ्यांसाठी मोकळ्या निकोटीनची वेगळी कुपी हवी. दवाखान्यात एकच प्रश्न विचारायचा, ओढता का खाता? त्यावरून कुपी द्यायची.”

“पुरावा?”

“त्यांना पेढा खाता येत नाही.”

कोणीतरी हसलं. तिने मग सगळं सांगितलं, गालातली वाफ, मोरीतलं थुंकणं, भावाला शिकवलं तेही. रणदिव्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मगदूम मॅडम, दोन कुप्या म्हणजे दोन मंजुऱ्या, दोन निविदा, आणि खेड्यातल्या दवाखान्यात दररोज अदलाबदल. बरं, तुम्हीच सांगताय की भावाला नीट ओढायला शिकवल्यावर त्यांना लागू पडली. म्हणजे दोष द्रावाचा नाही, पद्धतीचा आहे.” त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “आपण लोकांना ओढायला शिकवू.”

“सर, ज्यांना छातीत ओढायची सवय नाही, त्यांना ती सरकारने लावायची?”

“तंबाखूपेक्षा बरंच ना ते? तुमचंच वाक्य आहे, जे औषध घशाखालीच उतरत नाही ते गुण काय देणार?”

या वेळीही ते वाक्य सगळ्यांना पटलं. तिचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेण्यात आला. विरोधाचं आपल्याकडे याहून जास्त काही होत नाही. ‘खोल श्वास’ नावाची मोहीम ठरली, आणि तिच्या चित्रफितीसाठी खऱ्याखुऱ्या चघळणाऱ्या माणसाचा शोध सुरू झाला. तो फार लांब करावा लागला नाही. त्याचं नाव तिनेच भर बैठकीत सांगितलं होतं.

“अण्णा, नाही म्हणून सांग त्यांना,” तिने फोनवर सांगितलं.

“का? मला फायदा झाला, तो चार जणांना सांगू नको?”

“फायदा झाला की नाही ते अजून ठरायचंय.”

“तंबाखू सुटली माझी! चुन्याची डबी फेकून दिली! आता तूच म्हणतीस सांगू नको?” त्याचा आवाज चढला. “तुझं एक कळत न्हाई, त्रिशे. खात होतो तवाबी बोंबललीस, सोडली तरी बोंबलतीस.”

भूपाल चित्रफितीत झळकला. छाती पुढे काढून, एखाद्या मास्तरसारखा. मागावरची पोरं त्याला रस्त्यात थांबवून विचारू लागली, अण्णा, एकदा दाखवा की. दोघं बहीणभाऊ मात्र तीन महिने धड बोलले नाहीत.

आणि तोंड बरं होत गेलं, हे कबूल करायलाच हवं. उन्हाळ्यात लाल रेघ गेली. पावसाळ्यात चट्टा विटला, मग आक्रसला. डॉक्टरीणबाईंनी त्रिशलाला स्वतः फोन करून अभिनंदन केलं. तोंडाची आग थांबून भूपाल पुन्हा झणझणीत आमटी भुरकायला लागला तेव्हा वहिनीने तिला आनंदाने व्हिडिओ पाठवला. त्यात तो दोन घासांच्या मध्ये शिट्टी ओढत होता. त्रिशलाने व्हिडिओ पुन्हा पाहिला. पानावरून उठायलाही त्याला सवड नव्हती.

शिट्टीने डोस खाली आणायचा प्रयत्न केला, की तो झुरके वाढवी. यंत्राने त्याच्या नावापुढे ‘प्रगती असमाधानकारक’ असा शेरा मारला. पुडी तोंडात असताना ज्याचा यंत्राने सत्कार घडवला, त्याची खरोखर तंबाखू सुटल्यावर त्यालाच ते नापास करत होतं. त्रिशलाने चाचण्यांतून उरलेल्या मोकळ्या निकोटीनच्या काही कुप्या त्याला पाठवल्या. गालात धर, हळूहळू डोस कमी करता येईल, असं समजावून सांगितलं. त्याने इमानाने करून पाहिलं. मग कुप्या परत आल्या. सोबत वहिनीचा निरोप होता, “ह्यांना आता त्यानं भागत न्हाई म्हणतात.”

भाद्रपदात पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, त्रिशला रजा काढून इचलकरंजीला गेली. सकाळी सगळं घर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात. ती बायकांच्या बाजूला वहिनीशेजारी बसली. समोर पुरुषांच्या ओळीत भूपाल, सोवळ्यात, ताठ. अभिषेक झाला, उपाध्यांनी पूजा सुरू केली. थोड्या वेळाने तिला दिसलं, त्याचा गुडघा हलतोय. त्याने एकदा मान मागे टाकली, एकदा बोटं मोडली. मग तो वाकून, शेजाऱ्यांची क्षमा मागत, ओळीतून बाहेर निघाला. वहिनीने डोळे मिटून घेतले.

त्रिशला त्याच्या मागोमाग गेली. दाराबाहेर, चपलांच्या पलीकडे, पायरीवर तो बसला होता. शिट्टी हातात होती, पण ओढली नव्हती.

“अण्णा, पूजा चाललीय.”

“दिसतंय की.”

ती शेजारी बसली.

“तंबाखू खात होतो ना,” तो म्हणाला, “तवा ह्या दहा दिसांत हात लावत नव्हतो. पयल्यापासनं. डोस्कं दुखायचं, सुलोचनावर वसवस करायचो, पण ऱ्हात होतो. कधी मोडलं न्हाई. वाटायचं, चला, एवढं तरी आपल्या हातात हाय.” त्याने शिट्टी उलटीसुलटी केली. “औंदा पयल्याच दिशी अभिषेकाआधी उठलो. रोज उठतोय. लोक बघत्यात. ह्यांच्यातल्या किती जणांना मीच शिकवलंय.”

“मी शिकवलं तुला,” त्रिशला म्हणाली. तिला राग येत होता. समितीचा, यंत्राचा, स्वतःचा. आणि हा माणूस तिच्यावर चिडत का नाही, याचाही.

“तू तोंड वाचवलंस माझं. खोटं कशाला बोलू?” त्याने तिच्याकडे पाहिलं. “आता तूच सांग. ठेव म्हणलीस तर हितंच ठेवतो ही, आत जातो. पण मग संध्याकाळी चुन्याची नवी डबी घेणार, ते बी सांगून ठेवतो. मधलं काय जमंना मला. लई बघितलं करून.”

ती त्याच्या गालाकडे बघत राहिली. सहा वर्षं समितीवर बसून तिने लाखो लोकांसाठी निर्णय घेतले होते आणि एकदाही ती अडखळली नव्हती. आता समोर एकच माणूस होता, उत्तराची वाट बघत, धाकट्या बहिणीला मोठं मानून.

“ओढ, अण्णा,” ती म्हणाली.

आत उपाध्यांनी अर्घ्य म्हणायला सुरुवात केली. भूपालने बस्तीकडे पाठ केली, मान खाली घातली आणि तिने शिकवलं होतं तसं, छाती भरेपर्यंत ओढलं.